बावन्नची रेघ

आमच्या घरात रोज सकाळी साडेसहाला आईचं वजन व्हायचं. चहाच्या आधी, अनवाणी, आणि अंगावर निळी सुती नऊवार. तशा दोन नऊवारी मी एकाच दुकानातून, एकाच तागातल्या आणल्या होत्या, कारण लुगडं बदललं की दोन-तीनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. हे सगळे नियम माझे. आईने सुरुवातीला कुरकुर केली, मग तिला सवय झाली, आणि पुढे पुढे तर ती त्या काट्यावर देवापुढे उभं राहावं तशी हात जोडून उभी राहायला लागली.

दीड वर्षापूर्वी पुण्यात तिच्या अंडाशयाची गाठ काढली. मग सहा किमो झाले. तिचे केस गेले, दंड सुकले, ती खाटेवरून उठून चुलीपर्यंत जाईना. मी पुण्यातली खोली सोडून कुरवंड्याला परत आले, कारण माझं काम संगणकावरचं, ते कुठूनही होतं. डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करायची, आणि वजन उतरायला लागलं तर तारखेची वाट न बघता यायचं. दोन्ही सूचना सारख्याच महत्त्वाच्या होत्या. मला दुसरी जास्त आवडली, कारण तिच्यात आकडा होता.

मला आकडे कळतात, माणसं कमी कळतात, असं आई म्हणायची. चेष्टेत म्हणायची, पण म्हणायची.

मी अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या पाण्याचं काम करते. तिथे मी कधी गेलेली नाही. गावातल्या बायका विचारतात, तिकडं थंडी किती, आणि मी सांगते की ठाऊक नाही, तेव्हा त्यांना वाटतं ही नोकरीबद्दल थापा मारते. काम सांगायला सोपं आहे. तिथे बर्फाचा थर दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाड आहे आणि त्याच्या तळाशी तळी आहेत. ती कुणाला दिसत नाहीत. एक उपग्रह पाचशे किलोमीटर उंचीवरून बर्फावर प्रकाशाचा झोत टाकतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाची उंची मोजतो. खालचं तळं भरलं की वरचा बर्फ हळूहळू वर उचलला जातो, तळं रिकामं झालं की खाली बसतो. ते निसटलेलं पाणी तळातून समुद्राकडे निघतं आणि वाटेतला बर्फ सैल करत जातं. आम्ही वरून उंची बघायची आणि खालच्या पाण्याची हालचाल ओळखायची.

हे सगळं आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, दोन मिनिटांत कळलं. ते रेल्वेत हिल गँगला होते. खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या वरच्या कड्यावर दोर बांधून चढायचं, सैल झालेले दगड हुडकायचे आणि पावसाळ्याच्या आधी ते पहारीने खाली पाडायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. सैल दगड बघून कळत नाही. पहारीने ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. मागे पाणी शिरलं असेल तर आवाज बसका येतो. माझं सगळं ऐकून घेऊन आबा म्हणाले होते, "म्हंजी तू बी ठोकूनच बघतीस. फकस्त लांबनं."

माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. मी ते वाक्य लोकांना सांगत फिरले होते.

आईच्या वजनाचा आलेख त्यांना फार प्रिय. संगणकावर मी तो रोज पुढे सरकवायची. त्यांना दशांश चिन्ह कळत नसे, पण रेघ कळायची. होळीपासूनची रेघ बावन्न किलोवर अशी आडवी गेली होती की आबा रोज शेतावर जाण्याआधी दारातूनच डोकावायचे आणि म्हणायचे, रूळ सरळ हाय. मग टोपी घालून निघायचे.

श्रावणात तपासणीची तारीख आली. आईला पुण्याचं नाव काढलं तरी मळमळायचं. त्या इस्पितळाच्या वासानेच पोटात ढवळतं म्हणायची. भूक थोडी मंदावली होती, पण ते पित्ताने असेल, असं तिचं म्हणणं. इकडे मला माझ्या तळ्यांची यादी महिनाअखेर द्यायची होती. सत्तेचाळीस तळी, त्यातलं कोणतं भरतंय, कोणतं रितं होतंय, कोणतं शांत आहे. मी आलेख उघडला. रेघ सरळ होती. मीच म्हणाले, "राहू दे आई, वजन जागेवर आहे. दिवाळीनंतर जाऊ."

आईने पुढे ढकल म्हटलं नव्हतं. आबांनीही नाही. हे मी म्हणाले. हे मला कुणावर ढकलता येत नाही.

भाद्रपदात आईला जरा बाळसं आल्यासारखं वाटायला लागलं. पोट सुटलं होतं. नऊवारीच्या निऱ्या पूर्वीइतक्या पडत नव्हत्या, कासोटा घालताना ती हसून म्हणायची, लुगडं आखडलं बाई. शेजारच्या सारजाबाई तर सगळ्या आळीला सांगत सुटल्या की लेक घरी आली आन् रतन भरली. वर्षभर ज्या बाईला सगळ्यांनी काडीसारखी पाहिली होती, तिचं पोट पुढे आलेलं बघून कुणाला वाईट वाटणार? आमच्याकडे माणूस वाळलं की चिंता, भरलं की आनंद. मलाही आनंदच झाला. मी तिचा फोटोसुद्धा काढला, अंगणात, भाताच्या खाचराकडे पाठ करून. त्या फोटोत ती पोटावर हात ठेवून उभी आहे.

त्याच दिवसांत एकदा आबा भर दुपारी शेतातून आले. गुडघ्यापर्यंत चिखल. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, आज किती. मी म्हटलं, सकाळीच तर सांगितलं. तरी ते हलेनात. मी कामात होते, मला राग आला. मान वर न करता मी संगणक त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी थोडा वेळ रेघ बघितली आणि परत गेले. फरशीवर चिखलाची पावलं उमटली होती, त्यावरूनही मी नंतर चिडचिड केली.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मानसीचा मेल आला. मानसी पुण्याला माझ्या हाताखाली काम करते, चोविशीची आहे आणि नको तिथे प्रश्न विचारते. माझ्या यादीतल्या एका तळ्यावर, तेविसाव्या, तिचा आक्षेप होता. मी त्याला शांत म्हटलं होतं. पाच वर्षांत वरच्या बर्फाची उंची बदललेली नाही, म्हणजे खाली काही घडत नाही. मानसीने लिहिलं होतं की आजूबाजूचा सगळा बर्फ दरवर्षी हातभर झिजतोय, खाली बसतोय. मग एवढाच तुकडा जागेवर कसा? तोही झिजत असणारच. जेवढा तो वरून झिजतो, तेवढंच खालून काहीतरी भरत असलं पाहिजे.

मी तिला तीन ओळींचं उत्तर पाठवलं. पृष्ठभाग स्थिर आहे. आकडे समोर आहेत. तर्क लढवण्यापेक्षा आकडे वाचायला शीक. पाठवून झाल्यावर मला बरंही वाटलं, हे कबूल करते.

दुपारी नंदाबाई आली. लोणावळ्याहून बांगड्यांची पेटी घेऊन सणासुदीला येणारी कासारीण. आईच्या लग्नाच्या चुड्यापासून तिचे हात तिनेच भरले आहेत. किमोनंतर पहिल्यांदाच आई हातभर हिरव्या बांगड्या भरायला बसली होती, त्यामुळे सारजाबाई, तिची सून पिंकी, सगळ्या ओटीवर जमल्या होत्या. मी आत संगणकापाशी होते. दार उघडंच होतं.

नंदाबाई माप घेत नाही. मूठ हातात धरते, अंगठ्याखालचं हाड दाबून बघते आणि पेटीतून बरोबर आकार काढते. आईचा सव्वादोन. तीस वर्षं सव्वादोन, आणि तोही चढवताना आई डोळे मिटून घ्यायची. त्या दिवशी बांगडी हातात गेली आणि कोपरापर्यंत निघून गेली. नंदाबाईने ती काढली, लहान काढली. तीही तशीच गेली. नंदाबाईने आईचा हात उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "रतने, हात कुटं गेलं गं तुजं?"

मला राग आला. सणाच्या दिवशी काय बोलते ही बाई. मी आतूनच मोठ्याने म्हटलं, "मावशी, वजन बावन्न आहे तिचं. सहा महिन्यांत कमी झालेलं नाही."

नंदाबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचे डोळे आईच्या पोटावर होते. ती हळू आवाजात म्हणाली, "हात गेलं, खांदं गेलं, गालफाडं बसली. आन् वजन तेवडंच. मंग भरलंय काय?"

समोर पडद्यावर सकाळी मानसीला पाठवलेलं उत्तर अजून उघडं होतं. मी ते वाचलं. मग उठून ओटीवर आले आणि सगळ्यांसमोर आईच्या पोटावर हात ठेवला. ते तुंबलेलं, ताठ होतं. एका बाजूला दाबलं की दुसरीकडे हलत होतं. सहा महिने मी हिला रोज उभी करून मोजत होते आणि एकदाही हात लावला नव्हता. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आई म्हणाली, अगं, नुसता वायू धरलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलासच्या गाडीतून आम्ही पुण्याला गेलो. कैलास माझा चुलतभाऊ, खंडाळ्यात बंगलेवाल्यांकडे गाडी चालवतो. आबा घरी राहिले, घट बसले होते आणि गुरांकडे कुणीतरी हवं होतं. तपासणीच्या खोलीत पडद्यावर आईच्या पोटाचं चित्र आलं. पाणी त्यात काळं दिसतं. जवळजवळ सगळं चित्र काळं होतं आणि कडेकडेने गाठींचे पांढरट ठिपके.

डॉक्टरांनी विचारलं, वजन कमी झालेलं लक्षात आलं नाही का. मी पिशवीतून संगणक काढून त्यांना आलेख दाखवला. होळीपासूनचा. का दाखवला मला माहीत नाही, शाळेतल्या मुलीने गृहपाठ दाखवावा तसा दाखवला. त्यांनी तो सभ्यपणे बघितला. मांस झिजत होतं आणि पाणी भरत होतं, ते म्हणाले, दोन्ही सारख्याच वेगाने, म्हणून काटा हलला नाही. असं होतं कधी कधी.

मी विचारलं, "ऑगस्टमध्ये आणलं असतं तर?"

"तेव्हा औषध सोसण्याइतकी ताकद तरी होती," ते म्हणाले.

आता नव्हती. आता पोटातलं पाणी काढायचं, दुखलं तर गोळी द्यायची, इतकंच. पाणी पुन्हा भरणार, पुन्हा काढायचं, जितके दिवस जमेल तितके दिवस. त्यांनी पोटात नळी घातली. दुपारपर्यंत सात लिटर पाणी निघालं, पिवळसर, खाटेखालच्या बाटल्यांमध्ये. मी त्या बाटल्या मोजल्या. अशा वेळीही मी मोजलंच.

मानसीचं बरोबर होतं. इस्पितळाच्या बाकावर बसून मी तिला तसं लिहिलं, माफी मागितली, यादीत तेविसाव्या तळ्यापुढचं शांत खोडून भरतंय असं करायला सांगितलं. तिने अर्ध्या तासात दुरुस्ती करून पाठवली. तिथली चूक एका मेलने सुधारली आणि बर्फाला काही फरक पडला नाही.

परत येताना आईला खूप हलकं वाटत होतं. श्वास लागत नव्हता, ती सारखी बोलत होती, बेगडेवाडी मागे पडेपर्यंत थांबली नाही. भात कधी पोटरीला येणार, पिंकीला दिवस गेलेत का, कैलास लग्न कधी करणार. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिच्या डोक्याचं वजन लागत नव्हतं.

सकाळी साडेसहाला ती आपणहून काट्यावर उभी राहिली. निळी नऊवार, अनवाणी. पंचेचाळीस. तिने विचारलं, मी सांगितलं. आबा गोठ्यात होते. तिथून त्यांचा खाकरण्याचा आवाज आला, तशी ती पटकन म्हणाली, "त्यास्नी बावन्नच दाव. त्यांचा रूळ सरळ ऱ्हाऊ दे."

तीन गैरसोयीचे आकडे गुपचूप वगळले म्हणून मी एकदा मानसीला अहवालातलं अख्खं प्रकरण पुन्हा करायला लावलं होतं. सगळ्यांसमोर बोलले होते तिला. आता मी बावन्न टाकला. दुसऱ्या दिवशी एकावन्न पॉइंट नऊ टाकला, कारण अगदी सारखे आकडे खोटे वाटतात. खोटं कसं दिसू नये हे मला नीट माहीत होतं. आबा रोज दारातून डोकावत होते, रेघ बघत होते. रूळ सरळ हाय, हे मात्र म्हणत नव्हते. मला वाटलं, सणाची गडबड आहे.

पाचव्या दिवशी ते आत आले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले. आई मागे न्हाणीत होती. ते म्हणाले, "सारिका, बंद कर त्ये. मला ठावं हाय."

मी कळांवरचा हात मागे घेतला.

"तुजी आय मला बांधावर हाक मारायची ती एका दमात. इतकी वर्सं. घरापास्नं पार वड्यापत्तुर यायची. भादव्यात ती हाक मधी तुटाया लागली. आदी एकदा, मंग दोनदा दम घ्यायची. दगडाचा आवाज असा बदलला, तर आमी त्या दगडाखाली हुबं ऱ्हात न्हवतो."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही आबा?"

"सांगाया तर आलतो. चिखलाच्या पायानं. तू ह्यो रूळ दावलास. सरळ व्हता." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग मला वाटलं, वय झालं, माजंच कान गेलं."

तीस वर्षं ज्या कानांच्या भरवशावर खालून जाणाऱ्या गाड्या सुखरूप गेल्या, ते कान त्यांनी माझ्या रेघेपुढे खोटे ठरवले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी कुठेतरी बसून रडले असते, भांडले असते. त्यांनी गुडघ्यावरच्या टोपीची घडी नीट केली, आणि आई-आबांनी मला कोणत्या हौसेने शिकवलं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

मी खोटे आकडे पुसले आणि खरे भरले. रेघ बावन्नवरून थेट पंचेचाळीसवर कोसळली, आणि तिथून रोज थोडी थोडी वर चढत होती. आबांनी ती चढण बोटाने दाखवून विचारलं, हे काय. मी सांगितलं, पाणी. पुन्हा भरतंय. त्यांनी मान हलवली. त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आई काट्यावर उभी राहिली. आबा दारात न थांबता आत आले आणि तिच्या कोपराला धरून उभे राहिले. सत्तेचाळीस पॉइंट चार.

"वाढलं का गं?" आईने विचारलं.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"वाढलं," मी म्हणाले.

"बगा," आई त्यांना म्हणाली, आणि मध्येच दम घ्यायला थांबली. "अंगी लागाया लागलं."

"व्हय," आबा म्हणाले. त्यांनी तिला हळूच खाली उतरवलं, आणि मी आकडा लिहून घेतला.